ओठांवरून अंतःकरणाकडे : व्यक्तिगत प्रार्थनेची वाटचाल

आपल्या धर्मग्रामांतून एक तक्रार अलीकडे दोन्ही बाजूंनी ऐकू येते. वडीलधारी मंडळी म्हणतात, दिवेलागणीची रोझरी आता घराघरांतून ऐकू येत नाही. मुलांचे डोळे हातातल्या मोबाइलवरून हलत नाहीत. तरुण मंडळी म्हणतात, ठरलेले शब्द रोज त्याच चालीत म्हटल्याने आमचे मन कुठेच हलत नाही. आम्हांला देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलायचे आहे. एका पक्षाला पठण सुटल्याचे दुःख आहे, दुसऱ्याला पठणात प्राण उरला नसल्याचे. मात्र दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. परंपरेने आलेली प्रार्थना आणि व्यक्तिगत प्रार्थना या दोन निरनिराळ्या वाटा आहेत, एक धरली की दुसरी सुटते, असे त्यांना वाटते.

ख्रिस्तसभेच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले, तर हे गृहीत टिकत नाही. ज्यांना आपण प्रार्थनेचे आचार्य मानतो, त्यांतील बहुतेकांनी आपली व्यक्तिगत प्रार्थना ठरलेल्या वेळेतून आणि ठरलेल्या शब्दांतूनच घडवली. शब्द परंपरेने दिले, त्यांत जीव ज्याने त्याने ओतला. ही वाटचाल कशी झाली, आणि तिच्यातून आजच्या प्रापंचिक कुटुंबाने काय घ्यावे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रभूचा परिपाठ

प्रभू येशू ज्या समाजात वाढला, तो समाज घड्याळाविनाही वेळ पाळून प्रार्थना करणारा होता. परदेशात बंदिवासात असतानाही दानिएल दिवसातून तीन वेळा यरुशलेमच्या दिशेच्या खिडकीपाशी गुडघे टेकीत असे. स्तोत्रकर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळा सांगतो. येशू शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जात असे, हे संत लूक आवर्जून नोंदवतो. म्हणजे समाजाची ठरलेली उपासना त्याने टाळली नाही. परंतु त्याच येशूविषयी संत मार्क पहिल्याच अध्यायात सांगतो, की भल्या पहाटे, पुष्कळ अंधार असतानाच, तो उठून एकांत स्थळी गेला आणि तेथे प्रार्थना करू लागला. आदल्या दिवशी संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले होते. रुग्णांची रीघ लागली होती. इतक्या धावपळीनंतर त्याने झोपेतून वेळ काढला. खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे पित्याशी बोलण्याची शिकवणही त्यानेच दिली.

शिष्यांनी प्रार्थना शिकवण्याची विनंती केली, तेव्हा त्याने त्यांना शब्द दिले. मनाला येईल ते बोला, असे सांगून त्यांची बोळवण केली नाही. त्या प्रार्थनेत ‘माझा’ हा शब्द एकदाही येत नाही. सारे ‘आमचे’ आहे. बंद खोलीत एकट्याने म्हणावयाची प्रार्थनादेखील सर्वांच्या वतीने आहे. व्यक्तिगत आणि सामुदायिक या दोहोंची गाठ प्रभूने तेथेच मारून ठेवली.

आद्य ख्रिस्ती मंडळीने ही गाठ सोडली नाही. पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या तासाला, दुपारी तिसऱ्या प्रहरी, मंदिरात जाताना प्रेषितांच्या कृत्यांत आपल्याला भेटतात. दुसऱ्या प्रसंगी पेत्र भर दुपारी घराच्या धाब्यावर एकटाच प्रार्थनेला चढतो. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असा स्पष्ट आदेश आहे. इ.स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तेर्तुल्यान या लेखकाने प्रार्थनेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. प्रार्थनेसाठी सर्वकाळ मोकळा असला, तरी तिसरा, सहावा आणि नववा तास पाळल्याने कामात बुडालेल्या माणसाला प्रार्थनेची आठवण राहते, असे त्याचे म्हणणे आहे. हा सल्ला मठवासीयांना दिलेला नव्हता. मठ त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. व्यापारउदीम करणाऱ्या, मुलेबाळे असलेल्या माणसांना तो दिलेला होता.

वाळवंटातील एक ओळ

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली आणि ख्रिस्ती होणे सोपे झाले. त्याच सुमारास अनेक स्त्रीपुरुष इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहू लागले. इ.स. ३५६ मध्ये वृद्धापकाळी निधन पावलेले संत अंतोनी हे त्यांचे अग्रणी. या तपस्व्यांची प्रार्थना म्हणजे अखंड समाधी असावी, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ते ताडाच्या झावळ्यांच्या दोऱ्या वळीत, चटया आणि टोपल्या विणीत, आणि त्या विकून पोट भरीत. हाताला काम आणि ओठांवर स्तोत्र, अशी त्यांची दिनचर्या होती. अंतोनींविषयी एक आठवण सांगितली जाते. एकदा त्यांना एकांताचा वीट आला, मन अंधारून गेले. तेव्हा त्यांना एक व्यक्ती दिसली. ती बसून दोरी वळी, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोरी वळी. अंतोनींनी ओळखले, की हा देवाचा दूत आपल्याला मार्ग दाखवीत आहे. कंटाळ्यावर त्यांना मिळालेला उपाय इतका साधा होता.

जॉन कॅसियन हा प्रवासी या तपस्व्यांच्या सहवासात राहिला आणि पुढे फ्रान्सच्या दक्षिणेस स्थायिक होऊन त्याने त्यांचे संवाद लिहून ठेवले. त्यांतील आबा आयझक हे एक गुपित सांगतात. सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवाला त्वरेने साहाय्यास येण्याची विनवणी करणारी, तेवढी एकच ओळ दिवसभर मनात घोळवीत ठेवावी. भूक लागली तरी तीच, राग आला तरी तीच, झोप येत नसली तरी तीच, आणि आनंदाच्या क्षणीही तीच. प्रत्येक प्रसंगी त्या ओळीचा अर्थ बदलतो, कारण म्हणणाऱ्याची अवस्था बदललेली असते. उसने घेतलेले शब्द हळूहळू त्याचे स्वतःचे होतात. पुढे हीच ओळ ख्रिस्तसभेच्या दैनिक प्रार्थनाविधीच्या प्रारंभी घेतली गेली आणि आजही ती तेथे आहे. नामस्मरणाची महती गाणाऱ्या संतांच्या भूमीत वाढलेल्या आपणा मराठी माणसांना हे गुपित परके वाटू नये.

घंटा आणि मणी

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियमावली लिहिली. आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रे म्हणून व्हावीत, अशी व्यवस्था तिच्यात होती. तरीही प्रार्थना थोडक्यात आणि निर्मळ असावी, असे याच नियमावलीत बजावलेले आहे. पण पुढील शतकांत एक अडचण उभी राहिली. स्तोत्रे लॅटिनमध्ये होती, ग्रंथ हाताने लिहिलेले आणि महागडे होते, आणि शेतकरी, सुतार, गवंडी यांना वाचता येत नव्हते. मठातल्या निरक्षर बंधूंचीही तीच गत. मग दीडशे स्तोत्रांऐवजी त्यांनी दीडशे वेळा प्रभूची प्रार्थना म्हणावी, अशी तोड निघाली. मोजण्यासाठी खडे आले, गाठी मारलेल्या दोऱ्या आल्या, मण्यांच्या माळा आल्या. या माळांना प्रभूच्या प्रार्थनेच्या लॅटिन आरंभावरून ‘पातेरनोस्तर’ असेच नाव पडले. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये अशा माळा करणाऱ्या कारागिरांचे स्वतंत्र संघ होते. लंडनमधील एका रस्त्याला त्यांच्यावरून मिळालेले नाव आजवर टिकून आहे.

हळूहळू दीडशे ‘नमो मरिया’ म्हणण्याचा प्रघात पडला. ही माळ पवित्र मरियेने संत डॉमिनिकला दिली, अशी श्रद्धेची परंपरा आहे. इतिहासाला मात्र तिचा विकास अनेक हातांनी, अनेक पिढ्यांत झालेला दिसतो. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील ट्रियर येथे प्रशियाचा डॉमिनिक नावाचा एक कार्थुसियन मठवासी राहत होता. त्या काळी ‘नमो मरिया’ ही प्रार्थना येशूच्या नावाशीच संपत असे. तिचा उत्तरार्ध आजच्या रूपात इ.स. १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात स्थिर झाला. या डॉमिनिकने येशूच्या नावानंतर प्रत्येक वेळी त्याच्या जीवनातील एकेका प्रसंगाचे छोटे वाक्य जोडले. अशी पन्नास वाक्ये झाली. ओठांवर तेच शब्द फिरत असताना मनाने प्रभूच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंत त्याच्या मागे चालावे, हा त्यामागचा हेतू. इ.स. १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी जपमाळेला अधिकृत रूप दिले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली तिच्यात प्रकाशाची रहस्ये जोडली.

रोझरी म्हणजे केवळ घोकंपट्टी, असे वाटणाऱ्यांनी या जन्मकथेकडे पाहावे. ती साध्या माणसाने मिळवलेली स्वतःची प्रार्थना आहे. ज्याला ग्रंथ परवडत नव्हता आणि लॅटिन येत नव्हते, त्याला दहा बोटे आणि एक माळ यांच्या आधारे सारे शुभवर्तमान मनात उलगडता आले. रहस्यांचे मनन वगळून नुसते मणी सरकवले, तर रोझरीचा अर्धा भाग आपणच गाळलेला असतो. मग ती निर्जीव वाटली, यात तिचा काय दोष?

माळेबरोबर घंटा आली. संध्याकाळच्या घंटेच्या वेळी ‘नमो मरिया’ म्हणण्याच्या प्रथेला पोप जॉन बाविसावे यांनी चौदाव्या शतकात उत्तेजन दिले. पुढे सकाळची घंटा रूढ झाली, आणि इ.स. १४५६ मध्ये पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी तुर्की आक्रमणाच्या संकटकाळी दुपारच्या घंटेचा आदेश दिला. अशा रीतीने आंजेलसची त्रिकाळ प्रार्थना आकाराला आली. दानिएलच्या खिडकीपाशी दिसलेला दिवसाचा तोच ताल आता गावाच्या घंटेतून शेतात वाकलेल्या माणसापर्यंत पोहोचला.

जखमी सैनिक आणि वाळूचे घड्याळ

सोळाव्या शतकात दोन स्पॅनिश संतांनी या परंपरेला खोली दिली. त्यांपैकी पहिले संत इग्नेशियस लोयोला. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून असताना त्यांना वाचायला शौर्यकथा हव्या होत्या. मिळाले ते प्रभूचे चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या ते कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्हींत मन रमे; मात्र पहिली स्वप्ने ओसरली की मन कोरडे पडे, आणि दुसरी ओसरल्यावरही प्रसन्नता मागे उरे. या फरकाकडे त्यांचे लक्ष गेले आणि त्यांच्या साऱ्या आध्यात्मिक शिकवणीचे बीज तेथे पडले. आपल्या मनात दिवसभर काय येते, काय जाते, आणि मागे काय उरते, याकडे देवासमोर बसून पाहणे हीदेखील प्रार्थनाच आहे, हे त्यांनी जगाला शिकवले.

त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला इ.स. १५४८ मध्ये पोप पॉल तिसरे यांची मान्यता मिळाली. त्यात दैनिक आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. आरंभी मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानावेत. स्वतःला ओळखण्यासाठी त्याचा प्रकाश मागावा. मग तासामागून तास दिवस डोळ्यांपुढून न्यावा. चुकांची क्षमा मागावी. आणि उद्यासाठी निश्चय करावा. पापांची यादी पहिल्या पायरीवर नाही, आभार आहेत, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच पुस्तकात ते प्रार्थनेच्या तीन पद्धती सांगतात. दुसऱ्या पद्धतीत प्रभूच्या प्रार्थनेतील एकेका शब्दावर, त्यात गोडी आणि अर्थ सापडत राहील तोवर, थांबायचे असते. मग सारा तास ‘पिता’ या एका शब्दावर गेला तरी बिघडत नाही. तिसऱ्या पद्धतीत एका श्वासाला एक शब्द, अशा संथ लयीत ती म्हणायची असते. शब्द सर्वांच्या तोंडी असलेलेच आहेत. बदलली ती त्यांची गती.

विद्याभ्यास करणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांना त्यांनी प्रार्थनेचे तास वाढवू दिले नाहीत, हेही उल्लेखनीय आहे. अभ्यासात, बोलण्यात, चालण्यात, भोजनात, सर्व गोष्टींत देव शोधावा, असे त्यांचे सांगणे होते.

दुसऱ्या आचार्या आविलाच्या संत तेरेजा. त्या आज महासाध्वी म्हणून पूजनीय आहेत. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून घोषित केले, आणि हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. परंतु आपल्या आत्मचरित्रात त्या मोकळेपणाने लिहितात, की कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर त्यांचे चित्त देवापेक्षा वाळूच्या घड्याळाकडे लागलेले असे. तास कधी संपतो, याची त्या वाट पाहत. हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचा त्यांना धीर होत नसे. इ.स. १५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायाधिकाऱ्यांनी लोकभाषेतील अनेक आध्यात्मिक पुस्तकांवर बंदी घातली. लॅटिन न जाणणाऱ्या स्त्रियांचा आधारच गेला. पुढे आपल्या भगिनींसाठी ‘परिपूर्णतेचा मार्ग’ हा ग्रंथ लिहिताना तेरेजांनी कोणालाही काढून घेता येणार नाही असा पाया निवडला : प्रभूची प्रार्थना. आपण कोणाशी बोलत आहोत याचे भान ठेवून ती म्हटली, तर तीच माणसाला चिंतनाच्या शिखरापर्यंत नेते, असे त्या सांगतात. एका वृद्ध भगिनीचा दाखलाही त्या देतात. आपल्याला तोंडी प्रार्थनेपलीकडे काही जमत नाही, म्हणून ती खंत करीत असे. तेरेजांनी तिची विचारपूस केली, तेव्हा कळले, की ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणता म्हणताच ती उच्च कोटीच्या ध्यानापर्यंत पोहोचलेली होती. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

संसारात आणि स्वयंपाकघरात

ही संपदा मठाच्या भिंतींबाहेर आणण्याचे मोठे श्रेय संत फ्रान्सिस द सेल्स यांना जाते. इ.स. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भक्तिमय जीवनाची प्रस्तावना’ हा ग्रंथ मुळात एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या पत्रांतून उगवला. सैनिकांच्या छावणीतून, कारागिरांच्या दुकानातून आणि विवाहितांच्या घरातून भक्तीला हद्दपार करणे हा भ्रम आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. बागेत फिरून आलेला माणूस जाताना चारदोन फुले हाती घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो. त्याप्रमाणे सकाळच्या मननातील एखाददुसरा विचार निवडून दिवसभर जवळ बाळगावा, ही त्यांची सुंदर सूचना.

त्याच शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. पूर्वाश्रमीचे नाव निकोला एर्मां. युद्धात जखमी झालेले, पायाने अधू, आणि विशेष शिक्षण नसलेले. इ.स. १६४० मध्ये ते मठात आले, आणि सुमारे पंधरा वर्षे त्यांच्याकडे स्वयंपाकघर होते. त्यांना स्वभावतः त्या कामाचा तिटकारा होता. तरीही भांड्यांच्या खडखडाटात, एकाच वेळी चौघे चार वस्तू मागत असताना, त्यांनी देवाच्या सान्निध्याची सवय लावून घेतली. सवय हा शब्द येथे योग्यच आहे. कारण मन भरकटले की चिडचिड न करता ते पुन्हा देवाकडे वळवायचे, असे हजारो वेळा करावे लागले, असे ते सांगत. इ.स. १६९१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे एका धर्मगुरूने त्यांची पत्रे आणि संभाषणे प्रसिद्ध केली, म्हणून हा स्वयंपाकी जगाला ठाऊक झाला.

आपल्या किनाऱ्यावर

युरोपात हे घडत असताना आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काय चालले होते? ६ मे १५४२ रोजी इग्नेशियस यांचे जिवलग सहकारी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. हाती घंटी घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांना व नोकरचाकरांना प्रार्थना शिकण्यासाठी बोलावीत. पुढे तामिळ किनाऱ्यावर त्यांनी स्थानिक लोकांच्या साहाय्याने मुख्य प्रार्थनांचे भाषांतर करून घेतले आणि त्या स्वतः पाठ केल्या. शिकवण पाठांतराची होती. तरी प्रार्थना लोकांच्या भाषेतच असायला हवी, हे त्यांनी जाणले होते.

पाठांतराने मन भरत नाही, ही जाणीव आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याच्या मुळाशीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय इ.स. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि चार दशके येथेच राहून इ.स. १६१९ मध्ये येथेच निवर्तले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या प्रास्ताविकात एक प्रसंग आहे. साष्टीतील चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो, की तुम्ही शिकविता ते उत्तम आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या मनाला रिझवील असे दुसरे पुराण आम्हांला द्या. चारशे वर्षांपूर्वीची ही मागणी आजच्या तरुणाच्या तक्रारीहून फारशी वेगळी नाही. प्रश्नोत्तरे पाठ झाली, पण अंतःकरण उपाशी राहिले, असेच त्याला म्हणायचे होते. स्टीफन्स यांनी उत्तर म्हणून ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. देवनागरी खिळ्यांच्या अभावी तो रोमन लिपीत, इ.स. १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला आणि त्या शतकात आणखी दोनदा, १६४९ व १६५४ साली, प्रसिद्ध झाला. मुक्तिदात्याची कथा लोक आपल्या भाषेत, आपल्या चालीवर गाऊ लागले.

हे दान सहजी टिकले नाही. इ.स. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेऐवजी तीन वर्षांत पोर्तुगीज रूढ करण्याचे फर्मान काढले. परंतु फर्मान चुलीपर्यंत पोहोचत नाही. घरात, आजीच्या मांडीवर, प्रार्थना आईच्या भाषेत चालू राहिली. वसईवर इ.स. १७३९ मध्ये मराठ्यांचे निशाण लागले आणि पोर्तुगीज सत्तेचा आधार गेला, तेव्हाही देशी धर्मगुरू आणि कुटुंबे यांनी श्रद्धा जपली. वाडीतला क्रूस, त्याच्यापुढची लादिन, संध्याकाळची रोझरी, आणि रोझरीनंतर लहानांनी थोरांचा घ्यावयाचा आशीर्वाद, ही त्या काळातली चालती धर्मशाळाच होती. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील गल्ल्यांतून ख्रिस्ती लोकांनी क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे एकत्र येऊन करुणा भाकली. त्यांतील अनेक क्रूस आजही उभे आहेत. ज्या घरातला माणूस तापाने फणफणत होता, त्या घरातील आईने म्हटलेली ‘नमो मरिया’ पठण होती की व्यक्तिगत प्रार्थना? हा भेद तिला सांगूनही कळला नसता.

आज आपल्या हाती

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीची घटना जाहीर केली आणि लोकभाषेला उपासनेचे दार उघडले. त्याच घटनेत असेही म्हटले आहे, की आध्यात्मिक जीवन केवळ उपासनाविधीत सहभागी होण्याने पूर्ण होत नाही. ख्रिस्ती माणसाने आपल्या खोलीत जाऊन गुप्तपणे पित्याची प्रार्थना करणेही आवश्यक आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाचा चौथा भाग संपूर्णपणे प्रार्थनेला वाहिलेला आहे. तोंडी प्रार्थना, मनन आणि चिंतन ही एकाच जीवनाची तीन रूपे म्हणून तेथे सांगितलेली आहेत.

तेरेजांच्या भगिनींना जी पुस्तके नाकारली गेली, ट्रियरच्या काळातील शेतकऱ्याला जी वाचता येत नव्हती, ती आज आपल्या घरात मराठीत आहेत. बायबल कपाटात आहे, मिस्सा आपल्या भाषेत आहे. उणीव उरली ती वेळेची आणि अवधानाची. येथे इतिहास आपल्याला काही साधे धडे देतो.

पहिला धडा वेळेचा. तेर्तुल्यानपासून आंजेलसच्या घंटेपर्यंत सर्वांनी हेच ओळखले, की ‘सवड मिळेल तेव्हा’ प्रार्थना करू, असे म्हणणाऱ्याला सवड मिळत नाही. चर्चची घंटा ऐकू येत नसेल, तर सकाळचा चहा आणि रात्रीची निजानीज यांना घंटा माना. दहा मिनिटे पुरेत, पण ती ठरलेली असावीत. दुसरा धडा गतीचा. घाईत म्हटलेल्या पाच दशकांपेक्षा रहस्य डोळ्यांपुढे आणून संथपणे म्हटलेले एक दशक घरातल्या तरुणाला अधिक जवळचे वाटेल. एखाद्या संध्याकाळी रहस्य सांगितल्यावर क्षणभर थांबून प्रत्येकाने आपल्या मनातली एक विनंती स्वतःच्या शब्दांत मांडावी. बोलीत मांडली तरी चालेल. पित्याला सामवेदीही कळते आणि कोळी बोलीही.

तिसरा धडा रात्रीच्या आत्मपरीक्षणाचा. दिवा मालवण्यापूर्वी दिवस देवासमोर एकदा उलगडावा. सकाळी मिळालेली लोकल, शेजारणीने न मागता दिलेली भाजी, यांबद्दल आभार. मग दुपारी सुनेला टोचून बोललेला शब्द, किंवा वडिलांच्या प्रश्नाला न दिलेले उत्तर. या प्रार्थनेला पुस्तक लागत नाही, आणि ती दुसऱ्या कोणाची उसनी घेताच येत नाही. चौथा धडा कोरडेपणाचा. अंतोनींना कंटाळा आला, तेरेजा घड्याळाकडे पाहत बसल्या, लॉरेन्स हजारदा भरकटले. मन न लागणे हे प्रार्थना सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या तिघांनी एवढेच केले, की ते पुन्हा येऊन बसले.

वडीलधाऱ्यांची आणि तरुणांची जी तक्रार आपण प्रारंभी पाहिली, तिच्यात दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. वडीलधारी मंडळी घड जपून आहेत, तरुण पाणी मागत आहेत. रिकामा घडा तहान भागवीत नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की घड्यावाचून विहिरीचे पाणी घरापर्यंत येत नाही. आजोबांनी माळ नातवाच्या हाती द्यावी आणि रहस्याचे मनन त्याच्या शब्दांत त्याला करू द्यावे. नातवाने ती माळ घ्यावी, आणि आजोबा किती पिढ्यांच्या वतीने ‘आमच्या’ म्हणत आले आहेत, ते ऐकावे. मग दिवेलागणीला त्या घरात पुन्हा आवाज उमटेल, आणि रोझरी संपल्यावर दार लावून एकट्याने पित्याशी बोलण्यासारखेही प्रत्येकाकडे काही असेल.